पौर्णिमेच्या आत जीप दारात

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
९ मार्च २०२५

ती. मीनाआक्कास,
बाळासोचा सविनय जयभीम. वि. वि.

काल तिन्हीसांजेला दाजींची जीप टेम्पोतून सुखरूप उतरवली. उतरवली म्हणजे काय, गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी ढकलत दारात आणली. टायर चिरलेले, टपाचं कापड फाटलेलं, आणि बॉनेट उघडलं तर आत उंदरांनी हाउसिंग सोसायटी काढलेली. वायर म्हणून एक धड नाही. दाजी गेल्यापासून तुझ्या परसात काजूच्या झाडाखाली उभी होती, तिला तरी दोष कसा देणार?

तुझी अट इथं कागदावर घालतो, म्हणजे मागाहून भांडण नको. बुद्ध पौर्णिमेच्या आत जीप आपल्या चाकांवर चालत तुझ्या दारात आली, तर तू करंजवाडीतच राहणार आणि कोल्हापूरला चल हा विषय मी जन्मात काढायचा नाही. नाही आली, तर तू ट्रंक भरून माझ्याकडे कायमची राहायला यायचं. आणि दुरुस्ती कुणी करायची, तर मी! आक्का, हा कुठला न्याय? तुला इथं आणायचं आहे मला, आणि तू येऊ नयेस म्हणून नट पिळत बसायचं तेही मीच.

गेल्या पावसाळ्यात तू तापानं फणफणली होतीस आणि मुक्कामाची एस.टी. रस्ता खचला म्हणून फाट्यावरूनच माघारी फिरली, हे मला चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. एकट्या बाईनं त्या डोंगरात राहू नये, एवढंच माझं म्हणणं.

फोन मुद्दाम करत नाही. तुला ऐकू जाईपर्यंत ओरडलो की सगळ्या गल्लीला तुझी तब्येत कळते. पत्र धैर्यशीलकडे देतोय. मुक्कामाच्या गाडीचा कंडक्टर आहे, माणूस गुणी आहे. उत्तर त्याच्याचकडे दे.

लोभ आहेच, तो रागे भरून का होईना वाढव.
तुझा धाकटा,
बाळासो


करंजवाडी, ता. चंदगड
१६ मार्च २०२५

चि. बाळासोस,
आक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. धैर्यशीलला भाकरी आणि पिठलं वाढलं, दोनदा मागून जेवला. कागदावर लिहून मला धाक घालतोस व्हय रे? घाल. अट माझीच हाय, मी मोडणार न्हाय.

जीप तुझ्याच हातात का दिली ते ऐक. दुसऱ्या कुणाला दिली असती तर त्यानं इंजिन विकून खाल्लं असतं आणि टप माझ्या तोंडावर मारला असता. तू जन्मभर एस.टी. चालवलीस, एक फेरी चुकवली न्हाईस. जिंकायला मिळतंय म्हणून तू काम नासवणार न्हाईस, ही मला खात्री हाय. म्हणूनच तर पैज लावली की.

जीप चालवायला माणूस कोण, असं तू टेम्पोत चढताना पुटपुटलास ते मला ऐकू आलं. नको ते बरोबर ऐकू येतं मला. अरे, तुझ्या दाजींनी मला ह्याच जीपवर गाडी शिकवली. त्यांना हिवताप झालता तेव्हा माणसं भरून चंदगडपर्यंतचं वडाप मी मारलंय. मागं बसलेली पावणं डोळं गच्च मिटून बसायची, आणि उतरताना म्हणायची की बाई, तुम्ही मालकापेक्षा बऱ्या. लायसन नवं करून आणलंय. पावसात चारी चाकांनी ओढणारी ही एकच गाडी आमचा चढ चढती. ती दारात असली की मला अडकून पडायची भीती न्हाय.

तुझी शालन गेल्यापासनं तू काय खातोस ते एकदाबी लिहीत न्हाईस. ओले काजूगर पाठवलेत, उसळ कर. खोबरं सढळ हातानं घाल.

माया पातळ होऊ देऊ नको.
आक्का


कोल्हापूर
६ एप्रिल २०२५

ती. आक्कास सविनय जयभीम. वि. वि.

काजूगर पोचले. उसळ केली, मीठ जास्त झालं, तरी खाल्ली.

जीपची हकिगत अशी. इंजिन पार जाम होतं. नोझल काढून त्या भोकांतून ऑइल सोडलं आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी पान्यानं जरा जरा फिरवत गेलो, तर कुरकुरत का होईना फिरलं! मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. शेजारची अनुजा धावत आली, तिला वाटलं बोट सापडलं. क्लच प्लेट गंजून चिकटली होती, म्हणून गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला. डिझेलच्या टाकीतून निघालेला गाळ बघितलास तर तू त्यात भात लावशील. पंप उद्यमनगरात दुरुस्तीला दिलाय, गुरुवारी मिळेल म्हणतात. कुठल्या गुरुवारी ते त्यांनी सांगितलं नाही.

आपल्या कोल्हापुरात गाडी उघडून बसलं की येणारा-जाणारा इंजिनिअर होतो. एक म्हणतो पंपाचा दोष, दुसरा म्हणतो पंपाला हात लावू नका. भाजीवाली मावशी म्हणाली की आधी धुवून तरी घ्या. तिचं तेवढं ऐकलं. धुतल्यावर खालून दाजींनी मारलेला हिरवा रंग निघाला, आणि मला फार बरं वाटलं.

खरं सांगू? मला मजा येतेय. सकाळी उठलो की आधी जीपकडे जातो, मग तोंड धुतो. प्रसेनजीत पुण्याहून आला होता, तो म्हणाला की बाबा, तुम्ही हाताला काळं लागल्यापासून गोरे दिसायला लागलात.

पौर्णिमेला अजून अवकाश आहे. जास्त खूश होऊ नकोस.

रोष असो वा लोभ, पत्र मात्र धाडत जा.
बाळासो


करंजवाडी
१५ एप्रिल २०२५

चि. बाळासोस अनेक आशीर्वाद आणि जयंतीचा जयभीम.

काल आमच्या वाडीत जयंती झोकात झाली. मिरवणूक चढापाशी आली आणि डीजेचा ट्रॅक्टर मागं घसरायला लागला, मग बायकांनीच ढकलला. तेव्हा सगळ्या मला म्हणाल्या की मीनाबाई, पुढच्या सालाला बाबासाहेबांची तसबीर तुमच्या जीपमधनं काढायची. मी व्हय म्हणून बसले. शेजारच्या धोंडुबाईनं तर दवाखान्याच्या फेरीसाठी पुढची सीट आत्ताच धरून ठेवलीय. तिला म्हटलं, बाई, इंजिन अजून कोल्हापुरात उघडं पडलंय. तरी ती सीट सोडायला तयार न्हाय.

परसातली जागा साफ केली, मुरूम टाकून घेतला. हे सगळं तुला का लिहिते, तर मी ह्या जीपवर किती भरवसा टाकलाय ते तुला कळावं. बाळू, ह्या घरात माझी सत्ता हाय. कधी उठायचं, कुणाला घरात घ्यायचं, कुणाला दारातनं हाकलायचं, सगळं माझ्या मनावर. तुझ्या घरात मला पाण्याचा तांब्या घेतानाबी वाटंल की पावणी म्हणून आलीय. मला कुणाच्या घरात सांभाळायला ठेवलेली बाई व्हायचं न्हाय. रागावू नको, पण हाय ते हाय.

पंप मिळाला का? उद्यमनगरात जाऊन तिथंच खुर्ची टाकून बस. त्याशिवाय ती माणसं काम करत न्हाईत.

जिव्हाळा धरून आहेस, तो सोडू नको.
आक्का


कोल्हापूर
२७ एप्रिल २०२५

ती. आक्कास सविनय जयभीम. वि. वि.

कळविण्यास खेद होतो की जीपच्या कामात अनपेक्षित अडचण उद्भवली आहे. पंप बसविला, नवीन बॅटरी जोडली, लाइनमधील हवा काढली. सेल्फ फिरतो, परंतु इंजिन पकडत नाही. प्रयत्न चालू आहेत. तथापि पौर्णिमेपूर्वी काम पूर्ण होईल असे दिसत नाही.

तेव्हा तू हळूहळू सामानाची आवराआवर सुरू करावीस हे उत्तम. आतली खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. खिडकी पूर्वेला आहे. तुझ्या कोंबड्यांचं काय करायचं ते तू ठरव, गच्चीवर खुराडं होईल.

वाईट वाटून घेऊ नकोस. जुनं यंत्र, त्याला कोण काय करणार?

कृपालोभाची अपेक्षा आहे.
तुझा नम्र,
बाळासो


करंजवाडी
३० एप्रिल २०२५

चि. बाळासोस,

पत्र पावलं. तू माझा भाऊ हाईस का तहसील कचेरी, तेच कळंना. एवढ्या सरळ ओळीत तू कधी लिहीत न्हाईस.

पत्र फोडायच्या आधी धैर्यशीलला जेवायला वाढलं. जेवता जेवता तो म्हणाला की मामा काय झोकात आलते! हिरवीगार जीप, हॉर्न वाजवत थेट स्टँडात शिरले, आमच्या गाडीला जीप लावली आणि बसल्या जागेवरनंच पत्र हातात दिलं. कंट्रोलरनं शिट्टी मारली तर त्यालाच हात करून निघून गेले. इंजिनचा आवाज म्हणाला एकदम गुबगुबीत. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली आणि पत्र फोडलं. आत लिहिलेलं की इंजिन पकडत न्हाय.

अरे माझ्या शहाण्या! जीप चालू होत न्हाय हे सांगणारं पत्र जीपमधनं जाऊन कोण देतं रे? मी अशी हसले, अशी हसले की धैर्यशील पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला.

मग तो झोपायला गाडीत गेला, आणि माझं हसू गेलं. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुझ्यावर मी विश्वास टाकलाता बाळू. काम तू नासवलं न्हाईस हे खरं, पण शब्द नासवायला निघालतास. मला लई वाईट वाटलं. असं का केलंस ते लिही, आणि कचेरीच्या भाषेत लिहू नको. माझी काळजी वाटते, एकट्या बाईनं राहू नये, ही टेप तर लावूच नको. ती ऐकून ऐकून माझे उरलेले कान जातील.

उत्तराची वाट बघते.
आक्का


कोल्हापूर
३ मे २०२५

ती. आक्कास,
जयभीम. कुठल्या तोंडानं लिहू?

स्टँडात मी जीप घेऊन का शिरलो, हे मलाच उमगत नाही. पत्र खिशात घातलं, स्टँडवर जायचं म्हणून निघालो, आणि हात आपोआप स्टिअरिंगवर गेला. आयुष्यभर त्या गेटातून मी गाडी घेऊनच आत गेलोय. पायी शिरायची सवयच नाही गं. घरी आल्यावर लक्षात आलं आणि मी जीपमध्येच कपाळाला हात लावून बसलो.

जीप पंप बसवला त्याच दिवशी सुरू झाली. पहिल्यांदा काळा धूर, मग पांढरा, मग धडधडायला लागली. गल्ली टाळ्या वाजवत होती. आणि मला आक्का, रडू फुटलं. वाटलं, संपलं. आता तू येत नाहीस. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे पन्हाळ्याला जाऊन येतो. चढाला सेकंडमध्ये टाकली की अशी ओढते की मी एकटाच तिला शाबासकी देतो. ब्रेक, लाइट, सगळं चोख आहे, पासिंग करून घेतलंय. तू टाकलेल्या भरवशाला बट्टा लागेल असं कामात काही ठेवलं नाही.

आता खोटं का लिहिलं ते. टेप लावत नाही. तुझी काळजी वाटते असं मी प्रसेनजीतला सांगतो, गल्लीला सांगतो, तुलाही सांगतो. वाटते, पण खरं कारण ते नाही. शालन गेल्यापासून दिवे लागले की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. बोलणार कुणाशी? परवा सकाळी दूधवाल्यानं काही विचारलं तर घशातून आवाजच फुटेना. तो म्हणाला, काका, आजारी आहात का? जीप उघडी होती तोवर चार माणसं दारात यायची. ती गेली की परत मी आणि भिंती. मलाच करमत नाही, आक्का. मला तू इथं हवी आहेस. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

लिहून झालं. आता शब्दाला जागतो. रविवारी, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जीप तुझ्या दारात असेल. तू जिंकलीस. कोल्हापूरचा विषय पुन्हा काढणार नाही.

जमलं तर माफ कर.
तुझा बाळू


करंजवाडी
६ मे २०२५

चि. बाळूस,
आक्काचा आशीर्वाद. माफ कशाला करायचं, तू काय परका हाईस?

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसायला लागला. दूधवाल्याचं वाचून काळजात चर्र झालं रे.

रविवारी जीप घेऊन ये. गावातनं हॉर्न वाजवत ये, मी जिंकले ते सगळ्या वाडीला कळू दे. सोमवारी विहारात खीर वाटायची हाय, दूध मी सांगून ठेवलंय. धोंडुबाईला पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारू, न्हाईतर ती मला जगू देणार न्हाय. मग मी घराला कुलूप लावते, कोंबड्या तिच्याकडं देते आणि तुझ्याबरोबर कोल्हापूरला येते. पावसाळा तुझ्या पूर्वेच्या खिडकीत. काजूचा हंगाम लागला की तू माझ्याकडं यायचंस, ह्या जीपला वाडीत लई काम हाय आणि मला दुसरा ड्रायव्हर लागणार. येताना-जाताना घाटात जीप मी चालवणार, तू मागं बसून डोळं मिटायचंस.

तू म्हणशील, जिंकल्यावर का येते? ऐक. आम्हाला मूलबाळ न्हाय. ह्ये गेल्यापासनं जो तो माझ्याकडं बघतो तो कीव करूनच बघतो. तूबी तसाच बोलवतोस असं मला वाटलं, म्हणून मी हट्टाला पेटले. कीव करणाऱ्याच्या घरी मी राजाच्या पालखीतनंबी गेले नसते. पण तुला मी हवी हाय, एवढंच साधं तू पहिल्या पत्रात लिहिलं असतंस, तर जीपचा एक नट ढिला करायची गरज नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पहाटं मुक्कामाच्या एस.टी.त बसून आले असते.

माया मागून घ्यायचं आपलं वय न्हाय, हाय ती दोघं मिळून खाऊ.
तुझी,
आक्का