गंधकाभोवती सहा

कुरुंदा, गुरुवार, १४ ऑगस्ट २००३

आमचे रसायनशास्त्राचे मोठे सर म्हणजे गाईडाला फुटलेलं तोंड! मी नवा मास्तर, मागच्या बाकावर बसून त्यांचा तास ऐकत होतो. अकरावीतल्या सविताने विचारलं, "सर, नियम आठ इलेक्ट्रॉनचा, मग गंधकाभोवती सहा फ्लोरिन अन् बारा इलेक्ट्रॉन काहून?"

"अपवाद हाय. पाठ कर."

पोरगी बसेना. "हळदीच्या कढईभोवती सहा माणसं मावतात, चहाच्या भगुण्याभोवती न्हाई. गंधकाचा अणू आठाचा नियम पाळणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा मोठा हाय, म्हणून का?"

बराबर बोलली! सर खेकसले, "गाईडात हाय का हे?" अन् तिच्या वहीतल्या सहाही फ्लोरिनवर लाल फुल्या मारल्या. सहाही! ते तर गाईडातही आहेत.

मग माझ्याकडे वळले. "काय हो, अपवादच ना?"

अन् एमएस्सीचं पदक भिंतीला टांगणारा मी म्हणालो, "व्हय, सर."