तुझं मत, माझं अक्षर

आई,

काल ती मालिका पुन्हा दिसली. सरदाराची बायको, मोहिमेवरून परत न आलेला तिचा नवरा आणि गावातला तो तरुण वैद्य. कराडला तुझ्या शिवणाच्या खोलीत आपण बघायचो, तीच. आता ती फोनवर कधीही बघता येते आणि खाली लोक आपापली मतं लिहितात. कुणी म्हणतं, तिनं वाट बघायला हवी होती. कुणी म्हणतं, केलं ते बरं केलं. इतक्या वर्षांनी भांडण तेच आहे. मी एकेक मत वाचत होते आणि मागून तुझा आवाज आला, "वाचून दाखव." मी वळून बघितलं. मागे कुणी नसणार हे माहीत होतं, तरी बघितलं.

आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, तोही कुणीतरी वापरून दिलेला, पण रविवारी सकाळी गल्लीतल्या बायका आपल्याकडेच यायच्या. चिंध्या बाजूला सारून बसायच्या आणि मालिका कमी बघायच्या, बोलायच्या जास्त. नायिका रडली की त्या रडत. तू मात्र तिच्या दंडाकडं बघायचीस. "त्या काळात कुटली आली गं मशीन? बाहीची शिवन बघ की. आनि लुगडं बी शिवलेलं हाय, नेसलेलं न्हाई." बायका हसून लोळायच्या. ते तू मला पोस्टकार्डावर लिहायला लावलंस. टीव्हीवाल्यांना आपलं पहिलं कार्ड गेलं ते बाहीच्या शिवणीबद्दल.

मग ती सवयच झाली. तुला सही करता यायची, एसटीची पाटी वाचता यायची, त्यापलीकडे नाही. तू पायडल थांबवायचीस, मांडीवरचं ब्लाउज खाली ठेवायचीस आणि म्हणायचीस, "लिव." माझं लिहून झालं की, "वाचून दाखव." मी तुझे शब्द जरा नीटनेटके करून लिहायची, पण मत तुझं असायचं. वाचलेलं ऐकताना तू डोळे मिटायचीस. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

त्याच वर्षी सांगलीचे मिस्त्री आपल्याकडे यायला लागले. शिलाई मशीनं दुरुस्त करायचे, दर दुसऱ्या गुरुवारी बाजाराला कराडला यायचे आणि गल्लीतली मशीनं बघून शेवटी आपल्याकडे टेकायचे. त्यांची बायको वारलेली. माझ्या वडिलांना जाऊनही दहा वर्षं झाली होती. मशीन बिघडलेलं नसलं तरी ते तेल घालायचे, तू चहा टाकायचीस. त्या गुरुवारी तू वेणी जरा वेगळी घालायचीस. मी पंधरा वर्षांची होते, मला सगळं दिसायचं. एकदा मी शाळेतून आले तेव्हा ते उंबऱ्यापाशी चपला घालत होते. "आवं, घाई न्हाई. इच्यार करा आनि सांगा," एवढंच मी ऐकलं. तुझे कान लाल झाले होते. मला रडू आलं, राग आला, आणि सगळ्यात जास्त वर्गातल्या मुलींची भीती वाटली.

त्याच आठवड्यात टीव्हीवर प्रेक्षकांची पत्रं वाचणाऱ्या बाईंनी विचारलं, नायिकेनं पुढं काय करावं, प्रेक्षकांनी कळवावं. तू लगेच पायडल थांबवलंस. ते शब्द मला आजही पाठ आहेत. "लिव. सरदार काय आता परत येत न्हाई, हे समद्यांस्नी ठावं हाय. तिला बी ठावं हाय. मग तिनं वैद्यासंगं जावं. कुनाला इचारत बसू नये. आमाला वाईट वाटनार न्हाई."

मी लिहिलं, "तिने अखेरपर्यंत आपल्या पतीची वाट पाहावी. परपुरुषाचा विचार मनात आणणे आपल्या संस्कृतीला शोभत नाही." शाळेतल्या निबंधाचं वाक्य होतं ते, वळणदार अक्षरात. खाली तुझं नाव घातलं, गल्ली, कराड.

"वाचून दाखव," तू म्हणालीस. मी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि त्यावर नसलेलं वाचलं. तुझेच शब्द, ओळीनं, एकही न चुकता. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "शानी माजी. टाक जा." मी जाऊन पेटीत टाकलं. म्हणून ते शब्द पाठ आहेत, आई. हुशार होते म्हणून नाही.

प्रेक्षकांची पत्रं वाचायचा कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी असायचा. मिस्त्री मशीन उघडून बसले होते, शेजारणी दारात होत्या. टीव्हीवरच्या बाईंनी तुझं नाव घेतलं, कराड म्हणाल्या, आणि माझी वाक्यं वाचली. पहिलं आणि दुसरंही. "बाई, लय झाक लिवलंस गं!" एक शेजारीण ओरडली. सगळ्या तुझ्याकडं बघायला लागल्या. तू माझ्याकडं बघितलंस. एकदाच, आणि फार वेळ नाही. सगळ्यांसमोर मला खोटं पाडायचं की मिस्त्रींना जाऊ द्यायचं, एवढंच तुझ्या हातात होतं. मिस्त्रींनी मशीनचा पट्टा चढवला, चाक फिरवून बघितलं, हात पुसले. "येतो," म्हणाले. त्यानंतरच्या त्यांच्या गुरुवारी ते आले नाहीत आणि पुढे कधीच आले नाहीत.

तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त मला परत कधी "लिव" म्हणाली नाहीस. मामाला पत्र पाठवायचं होतं तेव्हा तू शेजारच्या मुलीला हाक मारलीस, मी समोर बसलेली असताना. मालिकेच्या शेवटी ती नायिका वैद्याबरोबर गेली. बायकांनी नाकं मुरडली. तू म्हणालीस, "गेली. बरं झालं," आणि भात टाकायला उठलीस. मशीन पुढे बिघडलं तेव्हा तू ते कुणाला दाखवलं नाहीस. हातानं शिवत राहिलीस.

तू गेल्यावर मी ते मशीन सांगलीला त्यांच्या दुकानात नेलं. त्यांनी मला ओळखलं नाही, मशीनला ओळखलं. चाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई कशा हायत?" मी तुझी मुलगी, आणि तू गेलीस, हे सांगितलं. त्यांनी हातातली तेलाची बुधली खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या आईनं मला तोंडावर न्हाई म्हनून लाजवलं न्हाई. टीवीवर उत्तर दिलं. मी म्हनलं, बाई लय समजूतदार." त्यांनी हे कौतुकानं सांगितलं. ते मत माझं होतं, तिचं नाही, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "हो, तशीच होती." ते दुकान आता नाही, तेही नाहीत.

त्या दुकानातून परतल्यापासून काहीही लिहिलं की तू मागून म्हणतेस, वाचून दाखव. वाण्याची यादी असो, लेकीच्या शाळेचा अर्ज असो. मी मोठ्यानं वाचते. घरातले हसतात.

काल फोनवर त्या मतांच्या खाली मी तुझं मत लिहिलं. तू सांगितलं होतंस तसं, तुझ्या बोलीत, आमाला वाईट वाटनार न्हाई इथपर्यंत. मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मागून काही आवाज आला नाही. मग मी ते न पाठवताच पुसून टाकलं, आणि आता हे पत्रही तुझ्या मशीनच्या खणात ठेवून देणार आहे.

का पुसलं ते एकदा सांगते. त्या गुरुवारी तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा मी तुझ्याकडं नीट बघत नव्हते, मिस्त्रींकडं तर नाहीच. माझं वाक्य टीव्हीवर आलं म्हणून मला आनंद झाला होता. काल मी ते पाठवलं असतं तर लोकांनी त्याखाली वा वा केली असती, आणि मला पुन्हा तसाच आनंद झाला असता.