मैना म्हणजेच लता

४ जानेवारी १९८३

झाली का पंचाईत! प्लॉट माझाच, आणि वकील म्हणतात आधी तुमचा आहे हे सिद्ध करा!

दोन वर्षांपूर्वी राहतं घर झुंबरसाठी ट्रस्टात घातलं. पोरीचे पाय पोलिओनं गेलेले. आमच्या मागं तिला कुणी घराबाहेर काढू नये, एवढाच हेतू. वकिलांनी तेव्हाच बजावलं होतं — आणखी जे जे तुमचं असेल तेही दस्त करून ट्रस्टात घाला, नाहीतर ते बाहेरच राहील. वडिलांनी माझ्या लहानपणी सातपूरला माझ्या नावावर घेतलेला प्लॉट कुणाच्या ध्यानात होता? भिकनभावजींच्या! काल जेवता जेवता म्हणाले, “वहिनी, प्लॉट पडूनच हाय ना? आमच्या मोतीरामला वर्कशॉप टाकू द्या की. घरातलंच हाय.” एकदा त्यांचा पोरगा तिथं बसला की झुंबरला काय मिळणार — कप्पाळ!

म्हणून आज शाळा सुटल्या सुटल्या वकिलांकडं. तर कागदावर नाव ‘मैना’. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘लता’ लिहिलं, तेव्हापासून मी लता. सरकारदरबारी आम्ही दोन निराळ्या बायका!

९ जानेवारी

प्रतिज्ञापत्र हवं, शिवाय दोन्ही नावं ठाऊक असलेलं माहेरचं माणूस. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगाल ना मैना कोण ते? तर म्हणे, “मी तुला नावानं हाक मारलीय कधी?” खरंच की! वीस वर्षं ‘अगं ए’वर संसार चाललाय. झुंबर शिवणाचं मशीन थांबवून खो-खो हसत होती.

१६ जानेवारी

माहेरी जाऊन कुसाबाईला गाठलं. बालमैत्रीण, माझ्या लग्नात नाचलेली. तिला सगळं सांगितलं, तर म्हणते, “मैना कुठली? तुला तर आम्ही ठमी म्हणायचो!” बाई गं, तिसरी काढू नकोस! दोघींनीच जीव नकोसा केलाय. मग म्हणाली, “येते की. सायबाला सांगते, हीच मैना, हीच लता, अन् लय भांडकुदळ हाय.” निघताना हरभऱ्याचे ढाळे बांधून दिले.

२० जानेवारी

नोंदणी झाली! कुसाबाईनं काय ऐटीत सही ठोकली! प्लॉट ट्रस्टात. संध्याकाळी भावजींना चहा देता देता सांगून टाकलं. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्यांचं. चहात साखर मुद्दाम जास्त घातली होती मी.

२१ जानेवारी

काल काय झोप लागली म्हणून सांगू!

१५ फेब्रुवारी

आठवडाभर पित्त म्हणून ओकत होते, ते पित्त नव्हेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस गेलेत! अडतिसाव्या वर्षी! शाळेत तोंड कसं दाखवू? ह्यांना ओझरच्या कारखान्याच्या बसमधून उतरल्या उतरल्या सांगितलं, तर मेले रस्त्यातच हसायला लागले. आणि परवाच्या दस्तात लिहिलंय — ‘आमची एकुलती एक कन्या’!

झुंबरला कसं सांगावं, जीव नुसता कासावीस. शेवटी सांगून टाकलं. पोरीनं हातातला दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, “दस्त परत लिहा. आणि आता विश्वस्तांत माझं नाव घाला. अठरा पूर्ण झालीत मला. तुम्ही दोघं थकाल तेव्हा हे पोर शिकत असेल. त्याचं कोण बघणार? मीच ना?”

उद्या शाळा सुटल्या सुटल्या पुन्हा वकिलांकडं!