तेरा नंबरची प्लेट

मी, एफी किनेअर्ड, वय एक्याऐंशी, अविवाहित, राहणार लीथ, एडिनबरा, आज शनिवारी सकाळी पूर्ण शुद्धीवर असताना स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणाची जबरदस्ती नाही. उशीर मात्र झाला आहे, आणि तो माझ्यामुळेच.

१. राहते घर व बँकेतील सर्व शिल्लक माझी भाची मोराग हिला मिळावी. माझं माणूस म्हणावं अशी ती एकटीच उरली आहे.

२. माझ्या निवृत्तीच्या वेळी ज्ञानकोशाच्या कंपनीचे तेव्हाचे संचालक क्रॉम्बीसाहेब यांनी मला दिलेले घड्याळ त्यांना परत करावे. ते पहिल्या दिवसापासून मागे पडते. का परत केले, ते पुढे कळेल.

३. ज्ञानकोशाचा छापील अकरावा खंड, 'अळंबी' या नोंदीसह, मोरागला द्यावा. यासंबंधी खुलासा करणे भाग आहे.

सन १९९१ मध्ये आम्ही चौतीस खंडांचा ज्ञानकोश संगणकाच्या एका तबकडीवर, म्हणजे सीडीवर, उतरवला. चित्रांचे काम माझ्याकडे होते. आमच्या छापखान्यात तेरा नंबरची प्लेट, म्हणजे चित्राचे पान, कधीच करत नसत. बारानंतर थेट चौदा. तेरा अशुभ, म्हणून शंभर वर्षांचा रिवाज. प्लेटखात्याचे फोरमन डूगल रिंटूल यांनी मला बजावले होते, "बाई, तुमच्या यंत्राला सांगून ठेवा हो, तेरा नाही म्हणून."

मी हसले. "डूगल, यंत्र भुताखेतांना भीत नाही."

यंत्राला मी चित्रे ओळीने मोजायला लावली. त्याने तेरा मोजलेच. तेथून पुढचे प्रत्येक चित्र एकेक घर मागे सरकले, मजकूर मात्र जागेवरच राहिला. पंधराव्या प्लेटचा मजकूर रानातल्या पांढऱ्या, खाण्याच्या अळंबीचा. त्याच्याशेजारी आले सोळावे चित्र: तीही पांढरी, देखणी, आणि एका माणसाचा जीव घ्यायला अर्धी पुरते. शेवटच्या क्रमांकाला चित्रच उरले नाही. तेव्हा तरी मी थांबायला हवे होते. मी 'चित्र उपलब्ध नाही' असे लिहून मोकळी झाले.

दोन वर्षांनी पीबल्सहून एका बाईचे पत्र आले. नवऱ्याने तबकडीत बघून अळंबी खुडली होती. क्रॉम्बीसाहेबांनी पत्र माझ्यासमोर टेबलावर टाकले. "पुढच्या आवृत्तीत बघू. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही." पुढची आवृत्ती निघालीच नाही. मी तोंड उघडले नाही. ते पत्र माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. ते पोलिसांना द्यावे.

डूगलला मी सगळे सांगितले. तो तेव्हा अंथरुणाला खिळला होता. म्हणाला, "तेरावी प्लेट तुम्हीच केलीत म्हणायची." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

गेल्या रविवारी मोराग जेवायला आली होती. तिला दर शनिवारी रानात जाऊन अळंब्या खुडण्याचा नवा नाद लागला आहे. मी कपाटातला खंड काढू लागले, तर म्हणाली, "राहू दे गं आत्या, ते धूळ खाणारं बाड कोण चाळतंय? सगळं फोनमध्ये आहे. हे बघ." मी बघितले. रानातली पांढरी, खाण्याची. चित्र मात्र तेच सोळावे, त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक केस. चित्र उतरवताना यंत्राच्या काचेवर पडलेला तो केस माझा. अठ्ठावीस वर्षांत कुठून कुठे गेले असेल ते चित्र, देव जाणे.

तेव्हाच सांगायला हवे होते. जीभ रेटली नाही. तिच्या नजरेतून उतरेन, याची भीती वाटली. आठवडाभर रोज फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. शेवटी ठरवले, कागदावर लिहावे, मेल्यावर वाचील.

यावर साक्षीदार म्हणून सही करायला खालच्या मजल्यावरचे टेट दांपत्य आले. बेथियाबाईंनी वाचले आणि किंचाळल्याच. "मेल्यावर काय, एफीबाई? आज शनिवार आहे! आत्ता फोन करा!"

केला. चार वेळा. उचलत नाही. शनिवारी सकाळी ती बीच वृक्षांच्या रानात असते.

४. म्हणून कलम तीन माझ्या मृत्यूपर्यंत थांबवू नये. साक्षीदारांनी तो खंड याच पावली मोरागकडे न्यावा.

सही: एफी किनेअर्ड
लीथ, ५ ऑक्टोबर २०१९, सकाळी साडेदहा

साक्षीदार: फर्गस टेट, बेथिया टेट

साक्षीदारांची नोंद: खंड घेऊन साडेअकराला पोहोचलो. बेल वाजवली, दार कोणी उघडत नाही. मोरागबाई रानातून परतल्या आहेत. चिखलाचे बूट दाराशी आहेत, टोपली पायरीवर रिकामी आहे, आणि आतून लोण्यात काहीतरी परतल्याचा वास येतो आहे. फर्गस दार फोडतो आहे.