माझं मत पक्कं करणाऱ्या भावास

चि. बाळ्यास,

ताईचा आशीर्वाद. (हवा असेल तर घे, नको असेल तर पाकिटात घालून परत पाठव.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजयीचा खोकला? आईच्या शिलाई मशीनवरून आपलं बोलणं बंद झालं त्याला मार्चमध्ये नऊ वर्षं होतील, तेव्हा मी तब्येतीची चौकशी केली म्हणून हुरळून जाऊ नकोस. मला तक्रार करायची आहे.

आमच्या वॉर्डात निवडणूक आहे. उभे आहेत चष्मेवाला (तुझ्याच वर्गातला) आणि छापखानेवाला, आणि दोघे सख्खे साडू. त्यांची सासू माझ्या समोरच राहते. सध्या ती गॅलरीत येतच नाही बिचारी. एका जावयाला हात केला की दुसऱ्याच्या घरची मुलगी रुसते. काल चष्मेवाल्याची बायको प्रचाराला आली. फोन वाजला म्हणून ती जिन्यात गेली आणि तिची वही माझ्या टेबलावर राहिली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं. वहीबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

मला वाटलं, लोकांच्या मागण्या असतील. चौकातला बंद दिवा, तुंबलेलं गटार. बाळ्या, गटाराचा ग सुद्धा नाही! नुसती नाती! शिंप्याच्या नावापुढे लिहिलंय, 'सासऱ्याशी अबोला, मेहुण्यामार्फत बोलावं.' दातांच्या डॉक्टरांपुढे, 'स्वतः ठरवत नाहीत, आत्याला विचारतात.' (साठीचा माणूस! आणि मी त्याला तोंडात हत्यारं घालू देते!) चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढली, पण इतका बारकाईने लिहिलेला केसपेपर मी पाहिला नव्हता. संताप यायला हवा होता. मी आपली पानं उलटतेय.

आणि मग मी. 'निवृत्त मेट्रन. तिखट. धाकट्या भावाला फोन केला. मत पक्कं.'

ती आत आल्यावर मी विचारलं, हे काय? तर म्हणते, "अहो ताई, तुमचे भाऊच म्हणाले ना, ताईला मी सांगतो, ती माझ्या शब्दाबाहेर नाही."

शब्दाबाहेर! तुझा शब्द कानावर पडून नऊ वर्षं होत आली! मी तिला तिथल्या तिथे सांगणार होते की आमचं बोलणं नाही. तोंड उघडलंही होतं. निघालं ते भलतंच: "हो, तो लहानपणापासून आमचा लाडका." कसं निघालं ते मला अजून उमगलेलं नाही. तुला उमगलं तर कळव.

तुझी,
ताई

ता. क. मत कोणाला देणार ते विचारू नकोस. गटाराबद्दल जो तोंड उघडेल त्याला.

ता. क. २. मतदान रविवारी आहे. ताईला मी सांगतो, असं तू कबूल केलंयस आणि अजून सांगितलेलं नाहीस. माझा नंबर तोच आहे. दुपारी दोन ते चार झोपते, एरवी फोनजवळच असते.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात छापखानेवाल्याची बायको येऊन गेली. तशीच वही तिच्याकडेही आहे. माझ्यापुढे तिथेही तूच, आणि मत तिथेही पक्कं. म्हणजे आता तुझे मला दोन फोन यायचे राहिले.