कोपरा उचलणारी माणसं

४ फेब्रुवारी

चि. गडबडीस अनेक आशीर्वाद.

आज सहाला उठलो. चहा केला. दहा वाजता दवाखान्यात जाऊन तुझ्या मामीच्या पायासाठी आणलेल्या, न फोडलेल्या पट्ट्या देऊन आलो. अकरा महिने कपाटात पडून होत्या. नर्सबाई बसा म्हणाल्या, बसलो नाही. येताना भाजी आणली.

घरी आलो तर तुझं पत्र आलेलं. तुमची पट्टी सोमवारपासून खऱ्या माणसांना लावणार, हे वाचून बरं वाटलं. पण बायोफिल्म म्हणजे काय ते कळलं नाही. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, डॉक्टरीत नाही. माझ्या डोक्यात शिरेल असं लिही. फोनवर मला बोलणं सुचत नाही, हे तुला माहीत आहे. वेळेवर जेवत जा.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामास, शि. सा. न. वि. वि.

मामा, लागली रे पट्टी! बारा घरांत, बारा जणांच्या जखमांवर. हातमोजे मीही चढवले होते, आणि गंमत म्हणजे लावायचं काम आमच्या नर्सताईंचं होतं, मी नुसती बाजूला उभी.

तुमच्या पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरायचा, आठवतो? वरून कितीही क्लोरीन सोडा, थराखालचे जंतू मजेत. जुन्या जखमेत तस्संच होतं. जंतू एकत्र जमून स्वतःवर चिकट छप्पर घालतात आणि औषध त्या छपरावरून वाहून जातं. तो थर म्हणजे बायोफिल्म. थर वाढला की जखमेचा पीएच चढतो. पीएच चढला की आमची पिवळी पट्टी निळी होते, तिच्यातले बारीक मणी फुटतात, आधी थर विरघळवणारं द्रव्य सोडतात आणि मग औषध. थर नसेल तर औषध जपून ठेवते. आमच्या सरांना आम्ही हेडमास्तर म्हणतो. ते म्हणाले की पट्टी तुझ्यापेक्षा शहाणी निघाली. अट एकच, तीन दिवस तिला कुणी हात लावायचा नाही.

जेवते आहे. उभ्याउभ्या, पण जेवते.

माया आहेच तुझी. पत्रातून आणखी थोडी पाठव.

तुझी गडबड


१७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. तोंडचं पाणी पळालंय. चौघांच्या पट्ट्या तिसऱ्या दिवशी काढल्या तर निळ्या निघाल्या. मणी फुटलेले, औषध संपलेलं, आणि जखमेचे नमुने तपासले तर थर नाहीच! नव्या पट्ट्या लावल्या, तर पुन्हा तेच चौघे. बाकी आठ जणांचं सगळं व्यवस्थित.

हेडमास्तर म्हणतात, रंगच कच्चा. पंचवीस तारखेला तपासणी समिती बसणार आहे. तोवर कारण सापडलं नाही तर प्रयोग बंद. चार वर्षं, मामा! त्या चौघांचं वय, आजार, जखमेची जागा, काही म्हणता काही जुळत नाही.

तुझी गडबड


१९ फेब्रुवारी

चि. गडबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी मिळालं. लगेच लिहितो.

त्या चौघांच्या घरी काळजी करणारं माणूस आहे का, ते बघ.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीची पट्टी तीन दिवस उघडायची नाही असं नर्सबाईंनी बजावलं होतं. मी रोज सकाळी तिचा कोपरा उचलून वास घेत असे. जखम बिघडणार असली की वासावरून मला एक दिवस आधी कळायचं. ती म्हणायची, निवृत्त झालात तरी तपासणीची खोड काही जात नाही तुमची. मग मी कोपरा परत दाबून बसवत असे. नर्सबाईंना पत्ता लागला नाही.

आता पाण्याचं. विहिरीच्या पाण्याचा नमुना उघडा ठेवला की त्यात विरघळलेला वायू उडून जातो आणि पीएच चढतो. म्हणून आम्ही बाटली काठोकाठ भरून, बूच लावून नेत असू. पट्टीखाली तसंच होत असेल तर तुमचा रंग कच्चा नाही. कुणीतरी बूच काढतंय.

विचारताना रागावू नका. रागावलात तर खरं सांगणार नाहीत.

एक विचारायचं आहे. माझ्या उचलण्यानं मामीचं नुकसान झालं का? खरं असेल ते लिही.

तुझा मामा


२७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामास, शि. सा. न. वि. वि.

मामा, मामा, मामा! जिंकलास!

नर्सताई चारही घरी गेल्या. आधी स्वतःच कबुली दिली की मीही माझ्या वडिलांची पट्टी उचलून बघायचे. साफ खोटं, त्यांचे वडील ठणठणीत आहेत. पण दोघांनी लगेच कबूल केलं. तिसऱ्या घरची सून रडायलाच लागली. चौथ्या घरच्या आजींनी शपथेवर सांगितलं की हात लावलेला नाही. आणि मग म्हणाल्या, हात नाही, नुसतं नाक लावलं.

मग प्रयोगशाळेत जखमेतल्या स्रावावर पट्टी बसवून आम्ही तिचा कोपरा उचलून बघितला. वीस मिनिटांत निळी! हेडमास्तर टेबलावर चढले नाहीत एवढंच. समितीनं परवानगी दिली. नव्या पट्टीचं वरचं आवरण पारदर्शक करतोय, म्हणजे रंग बाहेरूनच दिसेल आणि कुणाला काही उचलायलाच नको.

आणि ऐक. त्या आठांत एक शिंपी आहेत, चौदा महिने टाच चिघळलेली. त्यांची पट्टी निळी झाली, नमुन्यात खरोखरच थर निघाला, मणी फुटले, आणि पुढच्या दोन्ही पट्ट्या पिवळ्याच्या पिवळ्या! कडेनं गुलाबी कातडी धरू लागली आहे.

आता तुझा प्रश्न. मामीच्या डॉक्टरांना फोन केला, फाइल मागवून बघितली. कोपरा उचलायला नको होता असं ते म्हणाले, आणि मलाही तेच वाटतं. पण जंतू हाडापर्यंत गेल्याचं एक्स-रेत दिसलं होतं ते पहिली पट्टी बांधण्याच्याही आधी. तू उचललास म्हणून ती गेली नाही. याहून गोड लिहिता आलं असतं, पण तू खरं मागितलंस.

तुझी गडबड


२ मार्च

चि. गडबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मग शेजारच्या मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांना फारसं कळलं नाही, पण मी एवढा बोलतोय याचंच त्यांना नवल. त्यांच्या बायकोनं आतून विचारलं की भाऊजींना लॉटरी लागली की काय. मी म्हटलं, एका शिंप्याची टाच भरत आली आहे.

मामीबद्दल लिहिलंस ते वाचलं. खरं लिहिलंस, बरं केलंस.

नव्या पट्टीचा निळा गडद ठेवा. आमच्या वयाला पिवळा आणि निळं होतानाचा फिकट हिरवा एकच दिसतो, आणि बघत बसणारे बहुतेक आमच्याच वयाचे. त्यांना समजावून सांगायला कुणी हवं असेल तर मी येईन. चाळीस घरं असली तरी चालतील. कुठली गाडी धरायची ते कळव.

जीव लावतेस, तसाच लावत राहा.

सदऱ्याचं बटण निघालं आहे. सुईत दोरा ओवून झाला. आता ते लावतो.

तुझा मामा