शिवलीलासाठी ‘रन’चे सगळे अर्थ

३ एप्रिल
शेजारची शिवलीला जूनमध्ये मुलाकडे अमेरिकेला चालली. इंग्रजीचा गंध नाही. तिथे मुकी होऊन बसेल बिचारी. तिला तयार करणं माझ्यावर आलं. तिने तसं म्हटलेलं नाही, संकोची आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणत, एकच शब्द मुळापासून शिका, भाषा मागून येते. शब्द ठरला: रन. रोज दुपारी चार.

९ एप्रिल
नाक रन होतं, दुकान रन करतात, निवडणुकीला रन करतात. सिस्टरच्या मोज्याचा धागा सुटून रन गेली की त्या नेलपॉलिशने थांबवत. सांगताना डोळे भरून आले. शिवलीला शेंगा सोलत होती. ‘पळणे’ हा अर्थ वगळला. बालवाडीतला आहे.

२ मे
त्रेचाळीस डिग्री. शिवलीला म्हणाली, “वैनी, एकच शब्द व्हय? तितं भाकरी मागायची तर काय म्हणू?” म्हटलं, घाई नको, तिकीट दिवाळीपर्यंत ढकल. हसली. प्रगती आहे.

११ जून
गेली. अभ्यास अर्धवट. असो. आता निवांत वाचन.

१२ जून
वाचलं नाही.

२० जून
व्हिडिओ कॉल. तिकडे रस्त्यात कुत्रा अंगावर आला. नातू ओरडला, “अज्जी, रन!” ही जागेवरच, कुठला अर्थ ते आठवत. पदर फाटला. “वैनी, पळ म्हणत्यात हे आदी सांगायचं की!”
पाया पक्का असल्याशिवाय माणूस इतका विचार करत नाही.

५ जुलै
मुकी कसली! तिकडच्या बागेतल्या सगळ्या आज्या कानडी नाहीतर तेलुगू बोलतात. हिला दोन्ही येतात. माहेर कानडी बोलणाऱ्या अक्कलकोटचं, जन्म गेला सोलापुरात तेलुगू विणकरांच्या शेजारी. परत कधी येणार विचारलं. “बघू की.”
ती बाग इंग्रजीला पोषक नाही.

१४ जुलै
शिवलीला तिथल्या मुलांना कानडी शिकवते म्हणे. ऑनलाइनसुद्धा. अनुभवी माणूस हवंच. मार्गदर्शक म्हणून उद्यापासून जॉइन होते.

१५ जुलै, सकाळी
मार्गदर्शक असं पद नाही. बालवर्गात बसवलं. बाकी सगळी पाच-सहा वर्षांची. धडा पहिला: ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का. मी विचारलं, ऊटाचे आणखी अर्थ कोणते? पोरं खिदळली. शिवलीला म्हणाली, “वैनी, अर्थ ऱ्हाऊ द्या. काल रात्री जेवला का, तेवढं सांगा.”
सांगता आलं नाही. म्हणजे, कानडीत.